घासलेटी म्हणून हिणवलेलं पुस्तक आणि त्याचे वाचक

काशी म्हटलं की आपल्याला गागाभट्ट आठवतात, अहिल्याबाईंनी बांधलेलं विश्वनाथाचं मंदिर आठवतं. आज मात्र या शहरात घडलेल्या एका हिंदी लेखकाबद्दल बोलू. पुरुषानं पुरुषावर केलेल्या प्रेमाच्या कथा त्यानं लिहिल्या, त्याही १९२४ सालापासून. खरं सांगायचं तर त्या कथांपेक्षा त्या वाचून लोकांनी काय केलं, हा इतिहास मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

लेखकाचं नाव पांडेय बेचन शर्मा, टोपणनाव 'उग्र'. जन्म १९०० चा, चुनारचा. गंगेकाठचं हे किल्ल्याचं गाव, बनारसपासून फार लांब नाही. आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून हे मूल जन्मल्याबरोबर नाममात्र किमतीला विकलं आणि नाव पडलं बेचन. आपल्याकडे दगडू, धोंडू ठेवतात त्यातलाच प्रकार. घरात दारिद्र्य. पोरवयात थोरल्या भावाबरोबर उग्र रामलीलेच्या मंडळ्यांतून हिंडले, सीतेचं कामही केलं. मुलांनी बायकांचे पोशाख घालून उभं राहायचं, ते जग त्यांनी आतून पाहिलेलं होतं. पुढे शिक्षणासाठी ते काशीला आले.

आणि इथे आपला माणूस भेटतो. काशीत १९२० साली 'आज' हे हिंदी दैनिक सुरू झालं. ते नावारूपाला आणलं बाबूराव विष्णु पराडकरांनी. जन्म काशीचा, घर मराठी, आणि हिंदी पत्रकारितेतलं स्थान असं की 'राष्ट्रपति' हा शब्द रूढ करण्याचं श्रेयसुद्धा त्यांना दिलं जातं. याच 'आज'मध्ये उग्र 'अष्टावक्र' या नावानं चिमटे काढणारं लेखन करू लागले. म्हातारपणी, १९६० साली, 'अपनी खबर' हे आत्मचरित्र लिहिलं, त्यात पराडकरांवर एक सबंध प्रकरण आहे. बनारसी जिभेचा फटकळपणा आणि वर्तमानपत्री झटपटपणा, दोन्ही या काळात हाताला लागलं.

मग कलकत्ता. तिथे 'मतवाला' नावाचं साप्ताहिक निघत असे. निराला, शिवपूजन सहाय अशी मंडळी त्यात होती. ३१ मे १९२४ च्या अंकात उग्रांची 'चॉकलेट' ही कथा आली. बाबू दिनकरप्रसाद नावाचे एक सुशिक्षित गृहस्थ एका मुलाच्या प्रेमात पडलेत. उसासे टाकतात, उर्दू शेर म्हणतात. मित्रांनी छेडलं तर सॉक्रेटिसचा, शेक्सपिअरचा दाखला देतात. 'चॉकलेट' हा अशा देखण्या मुलांसाठीचा चालू शब्द असल्याचं कथाच आपल्याला सांगते. लेखकाचा पवित्रा सुधारकाचा: बघा, समाजाला कशी कीड लागली आहे, ती मी उघड्यावर आणतो.

कथेवर इतका गदारोळ झाला की उग्रांनी त्याच विषयावर आणखी कथा लिहिल्या. एकीचं नावच 'चॉकलेट-चर्चा'. म्हणजे वाचकांमध्ये चाललेला वादसुद्धा त्यांनी गोष्टीत ओढून आणला. १९२७ साली आठ कथांचा संग्रह निघाला, पटापट खपला आणि लगेच दुसरी आवृत्ती काढावी लागली.

आता विरोधक. त्यांचे सेनापती बनारसीदास चतुर्वेदी. नावात बनारस असलं तरी गाव फिरोजाबाद. कलकत्त्याच्या 'विशाल भारत' मासिकाचे संपादक, मोठं वजन असलेला माणूस. त्यांनी या सगळ्या साहित्याला नाव दिलं 'घासलेटी'. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगायला नको. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहिलेल्यांना घासलेटचा वास ठाऊक आहे: उग्र, स्वस्त, आणि काडी लावली की भडकणारं. घासलेटविरोधी आंदोलन बरीच वर्षं चाललं.

या विरोधकांचा मुद्दा काय होता, तो नीट ऐका. 'उग्र या गोष्टीची निंदा करत नाहीत' असं ते म्हणत नव्हते. निंदा करता करता लेखक ती गोष्ट चविष्ट करून ठेवतो, अशी त्यांची तक्रार होती. आणि वाचक म्हणून ते अगदीच चुकीचे नव्हते! दिनकरप्रसादांची बाजू कथेत इतकी ठसक्यात येते, शेर इतके नेमके येतात, की शेवटी उपदेश येतो तेव्हा तो वरून चिकटवल्यासारखा वाटतो. लेखकानं आरोपी म्हणून उभा केलेला माणूस सगळ्यात गोड बोलतो. या प्रकारचं प्रेम करणाऱ्या एखाद्यानं ती कथा वाचली असेल, तर त्याच्या लक्षात काय राहिलं असेल? शेवटचा उपदेश, की आपल्यासारखाच एक माणूस आणि त्याच्या तोंडी सॉक्रेटिसचं नाव?

अशा वाचकाला संपादकाला सही करून पत्र लिहिणं सोपं नव्हतं. कलम ३७७ हे १८६० च्या दंडसंहितेतलं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. बदनामी वेगळीच. म्हणून या वादात मोठ्यानं बोललेले सगळे आवाज संपादकांचे, समीक्षकांचे, पुढाऱ्यांचे.

एक गोष्ट उग्रांच्या विरोधातही बोलायला हवी. कोवळ्या मुलांना नादी लावणं आणि दोन जाणत्या पुरुषांचं एकमेकांवरचं प्रेम, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली हा अत्याचारच. उग्रांनी दोन्ही एकाच पोत्यात भरल्या, आणि विरोधकांनीही ते पोतं कधी सोडून पाहिलं नाही.

त्याच १९२७ मध्ये मुंबईत र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं होतं. तिथे मात्र वाचकांना तोंड फुटलं. लोक आपले खासगी प्रश्न पाठवत, समलिंगी आकर्षणाबद्दलही विचारत, आणि कर्वे ना लाजता ना दटावता उत्तर देत. त्या प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांचं उत्तर देणं म्हणजे अश्लीलता नव्हे, ही त्यांची भूमिका. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, मासिक मात्र चालू राहिलं. उग्र गोष्ट सांगत होते, कर्वे उत्तर देत होते. माझं मत विचाराल तर वाचकाला माणूस समजण्यात कर्वे कितीतरी पुढे होते.

पुन्हा हिंदीकडे येऊ, कारण सगळ्यात बड्या वाचकाची गोष्ट राहिली आहे. चतुर्वेदींनी 'चॉकलेट'चं प्रकरण थेट गांधीजींकडे नेलं. गांधीजींनी आधी त्यांच्या सांगण्यावर विसंबून टीकेचं टिपण लिहिलं. नंतर पुस्तक स्वतः वाचलं आणि चतुर्वेदींना कळवलं की माझ्यावर तसा परिणाम झाला नाही, लेखकाचा हेतू मला शुद्ध वाटतो. गैरसमज नको: अशा संबंधांबद्दल गांधीजींना सहानुभूती वाटली, असं मुळीच नाही. उग्र घृणाच निर्माण करतात असं वाटलं, म्हणूनच त्यांनी पुस्तक निर्दोष ठरवलं. पण चतुर्वेदींच्या मोहिमेतली हवा काढायला तेवढं पत्र पुरेसं होतं.

ते पत्र चतुर्वेदींनी छापलं नाही! संपादक माणूस, मासिक हाताशी, महात्म्याचं पत्र खिशात, आणि गप्प. ते उजेडात आलं १९५१ साली. तोवर गांधीजी जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि उग्रांच्या नावाला लागलेला घासलेटचा वास पक्का बसला होता.

१९५३ मध्ये 'चॉकलेट'ची नवी आवृत्ती आली, तेव्हा उग्रांनी गांधीजींच्या मताचा दाखला पुढे केला. म्हणजे वाद संपला तो कशावर, तर पुस्तक पुरेसं घृणा निर्माण करतं की नाही यावर. दिनकरप्रसाद जे म्हणत होते त्याला कोणीच उत्तर दिलं नाही. १९६७ साली उग्र दिल्लीत वारले. पुढे रूथ वनिता यांनी हा संग्रह इंग्रजीत आणला. त्यांनी तो वाचला तो दिनकरप्रसादांचे शेर आणि दाखले यांकडे लक्ष देऊन, आणि भारतातल्या समलिंगी प्रेमाच्या इतिहासात त्याला जागा दिली.