गृहशास्त्र : कोणाच्या घराचे?

शिक्षणाने माणूस घडतो, असे आपण सहज म्हणून जातो. पण कोणत्या शिक्षणाने कोणता माणूस घडवायचा आणि हे ठरविणारा कोण, हा प्रश्न आपण पुरेसा विचारीत नाही. अमेरिकेतील माध्यमिक शाळांतून शिकविल्या जाणाऱ्या गृहशास्त्राचा इतिहास मला या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. स्वयंपाक, शिवण, बालसंगोपन, घरखर्चाचा हिशेब असा हा वरवर निरुपद्रवी विषय. परंतु वर्चस्वाची व्यवस्था निरुपद्रवी विषयांतूनही आपले काम साधून घेते.

या विषयाचा पाया एलेन स्वॅलो रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी घातला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १८७३ मध्ये त्या तेथून पदवीधर झाल्या. पाण्याची शुद्धता आणि अन्नातील भेसळ हे त्यांच्या संशोधनाचे विषय. बायकांचे घरकाम हेदेखील विज्ञान आहे, हा त्यांचा आग्रह त्या काळात बंडखोरच होता. १८९९ साली लेक प्लॅसिड येथे या विषयाची पहिली परिषद भरली. १९०९ मध्ये अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन स्थापन झाली व रिचर्ड्स तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांतील या शिक्षणाला केंद्र सरकारचे अनुदान सुरू झाले.

मात्र ती पहिली परिषद ज्या क्लबात भरली, त्याचे मालक होते मेल्व्हिल ड्यूई. ग्रंथांच्या दशांश वर्गीकरणामुळे जगभर नाव झालेले हेच ते ड्यूई. त्यांच्या क्लबात ज्यूंना मज्जाव होता. त्यावरून १९०५ साली गदारोळ झाला आणि न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथपालपदाचा त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुस्तकांचे वर्गीकरण करणारा हा विद्वान माणसांचेही वर्गीकरण करीत होता. आदर्श घराचा विचार सुरू झाला तो अशा बंद दाराआड.

दाराबाहेरच्यांसाठी निराळे गृहशास्त्र होते. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८६८ साली हॅम्प्टन येथे कृष्णवर्णीयांसाठी हस्तोद्योग शिकविणारी संस्था निघाली. १८७२ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन तेथे शिकायला गेले, तेव्हा त्यांना एक खोली झाडायला सांगण्यात आली. त्यांनी ती तीनदा झाडली, चारदा पुसली. हीच त्यांची प्रवेशपरीक्षा. आत्मचरित्रात त्यांनी ही हकीकत अभिमानाने सांगितली आहे. हातात परंपरेने झाडू आलेल्या माणसाला ती वाचताना अभिमान वाटत नाही, अस्वस्थ वाटते. ज्याला अक्षर हवे होते, त्याची परीक्षा झाडूने का घेतली गेली?

पुढे वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगी येथे हाच मार्ग चालविला. दक्षिणेकडील विभक्त शाळांत गोऱ्या मुलीला गृहशास्त्र शिकविताना तिचा भावी संसार डोळ्यांपुढे असे, तर काळ्या मुलीला शिकविताना पुष्कळदा गोऱ्या मालकिणीचे स्वयंपाकघर. विषय एक, नशिबे दोन. बरे, कौशल्य आले म्हणून हक्क आले काय? १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा झाला, तेव्हा शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले. काळ्या कष्टकऱ्यांचा फार मोठा हिस्सा नेमका याच दोन कामांत होता.

याला काळ्या स्त्रियांनी दिलेली उत्तरे मननीय आहेत. गुलामीत जन्मलेल्या ॲना ज्युलिया कूपर १९०२ मध्ये वॉशिंग्टन शहरातील एम स्ट्रीट हायस्कूलच्या मुख्याध्यापिका झाल्या. आमच्या मुलांना उच्च शिक्षणाचा अभ्यासक्रमच हवा, हा त्यांचा हट्ट. त्यांचे विद्यार्थी हार्वर्डपर्यंत पोचले आणि बाईंना १९०६ मध्ये पद गमवावे लागले. नॅनी हेलन बरोज यांनी १९०९ साली काढलेल्या शाळेत घरकाम शिकविले जाई. पण प्रत्येक मुलीला आपल्या लोकांचा इतिहासही शिकावाच लागे. फ्लेमी किट्रेल या हॅम्प्टनमध्येच शिकल्या, १९३६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या डॉक्टरेट झाल्या आणि हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी गृहशास्त्राला पोषण व बालशिक्षणाचे शास्त्र बनविले. पोटभर जेवूनही शरीर उपाशी राहते, ही 'छुपी भूक' त्यांनी लायबेरियात जाऊन मोजली.

१९५० साली याच किट्रेल बाई बडोद्याला आल्या आणि तेथील विद्यापीठात गृहविज्ञानाच्या उभारणीस त्यांनी हातभार लावला. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना याच बडोद्यात राहायला खोली मिळाली नव्हती. आपल्या गृहविज्ञानाच्या पुस्तकांत या दोन्ही गोष्टी मला कुठे एकत्र दिसल्या नाहीत.

अमेरिकेत १९७२ च्या कायद्यानंतर मुलगे-मुली असा भेद करून हे वर्ग चालविणे बंद झाले. १९९४ पासून त्या संघटनेने विषयाला 'कुटुंब व ग्राहक विज्ञान' असे नाव घेतले. आपल्याकडे १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ बापजाद्यांचा धंदा अशी योजना आणली. द्रविड चळवळीने तिचा डाव ओळखला व १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसायशिक्षणाची ओळख आहे. सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे मुलांनी शिकावे असे त्यात म्हटले आहे.

माझी आई दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करी. कष्टाला मी कमी लेखू शकत नाही. प्रत्येकाला भाजी-भाकरी करता यावी, बटण लावता यावे, बँकेचे व्याज कळावे, असेच मला वाटते. पण शिक्षक आणि कार्यकर्ते म्हणून आपण तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. हे कौशल्य सगळ्याच जातींच्या मुलामुलींना शिकविले जाते काय? ते बीजगणिताच्या जोडीला येते, की त्याच्या जागी? आणि कामासोबत कामाचा कायदा व मजुरीचा हिशेब शिकविला जातो काय? उत्तरे नकारार्थी असतील, तर त्या वर्गाला शाळा म्हणू नये. ती नोकरभरतीची पूर्वतयारी आहे.