वाटा की कमाल मर्यादा? आयपीएलचा पैसा आणि खेळाडू

१/ इंदापूर तालुक्यातील लासुर्णे हे उसाच्या पट्ट्यातील गाव. भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना येथून जवळच. इथल्या शेतकऱ्याला ‘७०:३०’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. रंगराजन समितीने २०१२ मध्ये सुचविलेले हे सूत्र महाराष्ट्राने २०१३ च्या ऊसदर कायद्यात स्वीकारले. साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाचा. उत्पन्न वाढले की वाटाही वाढतो.

२/ शेजारच्या बारामतीचे शरद पवार २००५ ते २००८ या काळात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. त्याच काळात आयपीएलचा जन्म झाला. घाम एकाचा, भांडवल दुसऱ्याचे. मग वाटणी कशी? प्रश्न उसाचाच होता. उत्तर मात्र वेगळे निघाले.

३/ जानेवारी २००८ मध्ये आठ संघ विकले गेले. मुंबईचा संघ सर्वांत महाग, ११.१९ कोटी डॉलरचा. ही रक्कम दहा वर्षांत फेडायची होती. २० फेब्रुवारीला मुंबईत खेळाडूंचा लिलाव झाला. प्रत्येक संघाच्या खर्चाला ५० लाख डॉलरची मर्यादा होती. त्यांपैकी १५ लाख चेन्नईने एकट्या धोनीवर खर्च केले.

४/ बोली गाजली, मर्यादा मात्र विस्मरणात गेली. वास्तविक खेळाडूंचे एकूण उत्पन्न ठरते ते या मर्यादेने. लिलाव फक्त ती रक्कम कोणाला किती, एवढेच ठरवतो.

५/ सुरुवातीचा प्रसारण करार दहा वर्षांसाठी सुमारे १०० कोटी डॉलरचा होता. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना, म्हणजे वर्षाला सुमारे ९,६७८ कोटींना गेले. डॉलरमध्ये मोजले तरी वार्षिक मूल्य दहा पटींहून अधिक वाढले. संघाची लिलावमर्यादा २०२५ मध्ये १२० कोटी रुपये झाली. डॉलरमध्ये ही वाढ तिप्पटही नाही.

६/ सामना-मानधन व कामगिरीचा मोबदला धरून २०२५ मध्ये प्रत्येक संघाची वेतनमर्यादा १४६ कोटी होती. दहा संघांचे १,४६० कोटी. केवळ प्रसारण हक्कांच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे १५ टक्के भरते.

७/ मर्यादा अमेरिकेच्या एनबीएतही आहे. पण तिथे आधी वाटा ठरतो, मग त्यातून मर्यादा काढली जाते. २०११ मध्ये मालकांनी १६१ दिवस टाळेबंदी केली. खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवरून ४९ ते ५१ टक्क्यांवर आला. तरीही तो निम्म्याच्या आसपास टिकला, कारण वाटाघाटीला खेळाडूंची संघटना बसली होती.

८/ मंडळाने २०१९ मध्ये मान्यता दिलेली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना निवृत्त खेळाडूंची आहे. मैदानावर खेळणाऱ्यांच्या वतीने टक्केवारी मागणारे कोणी नाही.

९/ संघमालकांनी जोखीम पत्करली, हे खरेच. जोखीम साखर कारखानाही पत्करतो. फरक इतकाच की उसाचा वाटा कायद्यात लिहिलेला आहे. क्रिकेटपटूची मर्यादा मंडळ ठरवते.