दिवे लागतात, पण ‘सेल्फ’ लागत नाही : गाडी सुरू न होण्यामागील विजेचे दोष

गाडी सुरू झाली नाही की पहिला संशय बॅटरीवर घेतला जातो आणि अनेकदा तपास तिथेच संपतो. जुनी बॅटरी जाऊन नवी येते, गाडी सुरू होते आणि काही दिवसांनी पुन्हा तोच प्रकार घडतो. काही हजार रुपये खर्च होऊनही मूळ दोष जागच्या जागीच राहिलेला असतो. याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होते. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे, असे मानून स्टार्टर उघडला जातो. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. विजेचा दोष शोधण्याचा एक ठरावीक क्रम आहे. तो पाळला तर निम्मे निदान घराच्या अंगणातच होऊ शकते.

दिव्यांची साक्ष अपुरी का?

मोटारीच्या पुढच्या दोन्ही दिव्यांना मिळून साधारण १० अँपिअर वीजप्रवाह लागतो. इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, म्हणजेच बोलीतला ‘सेल्फ’, लहान पेट्रोल गाडीतही १०० ते २०० अँपिअर खेचते. समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर क्षार साचून ०.०२ ओहम इतका नगण्य वाटणारा रोध निर्माण झाला. दिव्यांच्या १० अँपिअरला तिथे केवळ ०.२ व्होल्टची घट होते आणि प्रकाशात फरकही जाणवत नाही. स्टार्टरचे १५० अँपिअर त्याच जागेतून जाऊ लागले की घट ३ व्होल्टची होते. बॅटरी पूर्ण भरलेली असूनही स्टार्टरपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. अर्धवट तुंबलेल्या नळातून तांब्या भरतो, पण आग विझवता येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

आवाजावरून निदान

किल्ली फिरवताना काय ऐकू येते आणि त्या क्षणी दिव्यांचे काय होते, या दोन खुणा सर्वांत मोलाच्या आहेत. हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि पुढचे दिवे लावून ही परीक्षा करावी.

१. आवाज नाही आणि डॅशबोर्डवर एकही दिवा नाही : बॅटरी पूर्ण उतरली आहे, टर्मिनल सैल झाले आहे किंवा मुख्य फ्यूज उडाला आहे.

२. भराभर ‘टकटक’ आवाज आणि दिवे मिणमिणतात : दाब अपुरा आहे. स्टार्टरमधील सोलेनॉइड ओढला जातो, त्याच क्षणी दाब कोसळतो आणि तो सुटतो. हाच खेळ पुन्हा पुन्हा चालतो. दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत असतो.

३. एकच ‘ठक’ असा आवाज आणि दिवे तसेच तेजस्वी राहतात : सोलेनॉइड हलला, पण मोटरपर्यंत वीज गेली नाही. सोलेनॉइडचे आतले संपर्क, मोटरचे झिजलेले कार्बन ब्रश किंवा स्टार्टरकडे जाणारी केबल तपासावी लागते.

४. डॅशबोर्ड उजळतो, पण सेल्फचा आवाजच नाही : प्रथम साध्या गोष्टी पाहाव्यात. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आहे का, काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबावा लागतो तो दाबला आहे का? त्यानंतर स्टार्टरचा रिले आणि इग्निशन स्विच यांची पाळी येते.

५. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते, पण पेट घेत नाही : येथे बॅटरी आणि स्टार्टर दोघेही निर्दोष आहेत. नवी बॅटरी घेणे म्हणजे निव्वळ अपव्यय.

आकडे काय सांगतात?

साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. गाडी काही तास उभी राहिल्यावर टर्मिनलवर १२.६ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब दिसला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या आसपास ती निम्मी आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी समजावी. मात्र भरलेली बॅटरी सशक्त असतेच असे नाही. खरी कसोटी सेल्फ मारताना लागते. त्या वेळी दाब ९.६ व्होल्टच्या फार खाली गेला तर बॅटरी जीर्ण झाली आहे किंवा तिला चार्जिंगची गरज आहे. गाडी सुरू झाल्यावर आकडा १३.८ ते १४.५ दरम्यान असावा. तो १२.५ वरच अडकला तर अल्टरनेटर बॅटरी भरत नाही. अशा गाडीत नवी बॅटरीही लवकरच उतरणार. अनेक नव्या गाड्यांत संगणक अल्टरनेटरचा दाब गरजेनुसार कमी-अधिक करतो, हे निष्कर्ष काढताना ध्यानी ठेवावे.

जोडणीची परीक्षा त्याच मीटरने होते. मीटरची एक तार बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर टेकवून दुसऱ्या व्यक्तीला सेल्फ मारायला सांगावे. आकडा शून्याच्या जवळ राहिला पाहिजे. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष सापडलाच. बॅटरीची ऋण खुंटी आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यातही अशीच तपासणी करावी. तेथे ०.३ व्होल्टपेक्षा अधिक घट म्हणजे इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली आहे.

खारी हवा आणि उभ्या गाड्या

गोव्यासारख्या किनारी प्रदेशात दमट, खारट हवेमुळे ही गंजाची प्रक्रिया वेगाने होते. टर्मिनलवर पांढरी किंवा निळसर-हिरवी भुकटी दिसली तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने ती साफ करावी, कोरडे करून घट्ट आवळावे आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. काढताना काळी, म्हणजे ऋण तार आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. हा क्रम उलटला आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते.

दुसरे कारण उभ्या गाडीचे. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म आणि संगणक थोडी वीज घेत राहतात. हा प्रवाह सर्वसाधारणपणे ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. पण तेवढ्यानेही दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात रिकामी होते. जहाजावर किंवा परदेशी नोकरीला असलेल्यांच्या घरी महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांची ही नेहमीची तक्रार आहे. दीर्घकाळ गाडी लागणार नसेल तर ऋण तार सोडून ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय. बाजारापर्यंतच्या पाच मिनिटांच्या फेऱ्यांत, त्यातही वायपर, दिवे आणि एसी चालू असताना, बॅटरी पुरती भरत नाही, हेही लक्षात घ्यावे.

इंजिन फिरते, पण पेटत नाही

किल्ली ‘ऑन’ करताच अनेक पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटखालून दोन सेकंद इंधनपंपाची गुणगुण ऐकू येते. ती नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले पाहावा. डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत राहिले तर इमोबिलायझरने किल्लीतील चिप ओळखलेली नाही. अशा वेळी दुसरी किल्ली वापरून पाहावी. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत किल्लीतील नाण्याएवढा सेल संपलेला असू शकतो. अशा पुष्कळ गाड्या किल्लीच बटणाला टेकवली की सुरू होतात. पावसाळ्यात बोनेटखाली आश्रय घेणारे उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून तिथेही नजर टाकावी. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच क्षमतेचा फ्यूज बसवावा. तार गुंडाळून काम भागवणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय.

दुसऱ्या गाडीची मदत घेताना

जम्पर केबल जोडताना लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. ती बॅटरीजवळ उडू नये, यासाठी हा दंडक आहे. धन-ऋण उलटे जोडल्यास अल्टरनेटर आणि संगणक दोन्ही जळू शकतात. गाडी सुरू झाल्यावर तारा उलट क्रमाने काढाव्यात.

काही वेळा प्रयत्न न करणेच हिताचे. साचलेल्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मुळीच मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकून इंजिन कायमचे निकामी होऊ शकते. विजेवरील आणि हायब्रिड गाड्यांतही लहान १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली तरी गाडी ‘जागी’ होत नाही. परंतु त्यांतील नारिंगी केबलना हात लावण्याचा अधिकार फक्त प्रशिक्षित तंत्रज्ञाचा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांत मिनिटभर विश्रांती द्यावी.

गॅरेजमध्ये गाडी न्यावीच लागली तरी ऐकलेला आवाज, दिव्यांची स्थिती आणि मीटरचे तीन आकडे सांगता आले, तर कारागीर नेमक्या ठिकाणी हात घालतो आणि नवी बॅटरी घेण्याचा निर्णय अंदाजावर नव्हे, पुराव्यावर होतो.