पानिपतचा हिवाळा आणि घोड्याची चंदी

पानिपतावर व्याख्यान म्हटले की श्रोते भाऊसाहेब, विश्वासराव, मल्हारराव, इब्राहिमखान गारदी यांची नावे ऐकण्याच्या तयारीने येतात. कोण चुकला, कोण पळाला, कोणी कोणाचे ऐकले नाही, या वादात आपली दोन-अडीचशे वर्षे गेली आणि अजून तो वाद आटोपलेला नाही. मी आज त्या वादात पडणार नाही. या सर्व मंडळींना पाठीवर घेऊन जो दक्षिणेतून यमुनेपर्यंत गेला, त्या घोड्याने १७६० च्या हिवाळ्यात काय खाल्ले, एवढाच माझा प्रश्न आहे. प्रश्न मोतद्दाराचा आहे, इतिहासकाराचा नव्हे, असे कोणी म्हणेल तर मला त्यात कमीपणा वाटत नाही. घोडदळाचा इतिहास लिहावयाचा तर पागेच्या दारातूनच आत शिरावे लागते.

घोडा हा खाण्याच्या बाबतीत मोठा गैरसोयीचा प्राणी आहे. बैल पोटभर खातो, मग बसून रवंथ करतो. घोड्याचे जठर लहान, त्याला रवंथ नाही. तो दिवसाचे बरेचसे तास थोडेथोडे खात राहतो. आपला दख्खनी घोडा, भीमथडीचा म्हणा, अंगाने लहान आणि काटक. पण त्यालाही दिवसाकाठी दाणा आणि वैरण मिळून सुमारे ७ किलो कोरडे अन्न लागतेच. त्यात चंदीचा वाटा, म्हणजे हरभरा, कुळीथ असल्या दाण्याचा, दीड-दोन किलो धरावा आणि बाकी गवत, कडबा. दाण्याने दौडीचे बळ येते. परंतु थंडीत अंग ऊबदार राहते ते वैरणीने. रखरखीत गवत घोड्याच्या मोठ्या आतड्यात आंबते आणि त्या आंबण्यातून उष्णता निर्माण होते. ज्याच्या पोटात गवत नाही तो घोडा रात्री कुडकुडतो, आणि अंगावरचे मांस जाळून ऊब मिळवतो. चार मुठी अधिक हरभरे देऊन ही उणीव भरून निघत नाही. उलट पोटशूळ उठण्याचीच भीती.

आता मराठ्यांच्या फौजेचे वर्ष कसे चाले ते पाहा. पावसाळ्यात फौज छावणीला येई, दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडे. यात धर्म होता, तसा वैरणीचा हिशेबही होता. दसऱ्यानंतर रानातले गवत पिकते, खरिपाची ज्वारी-बाजरी घरात येऊ लागते, पुढे कडब्याच्या गंजी लागतात. म्हणजे दक्षिणेतला हिवाळा हा चालत्या फौजेचा सुगीचा काळ. एका गावची वैरण संपली की पुढच्या गावी मुक्काम. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सुगी कशी होती, हे त्यालाच विचारावे. पण घोडे पोसले जात, यात शंका नाही. अडचण असे ती पावसाळ्याची, कारण तेव्हा फौज एका जागी उभी असे आणि खाणे साठ्यातून काढावे लागे.

त्या साठ्याची किंमत शिवाजी महाराज किती जाणून होते, हे राज्याभिषेकाच्या सुमारास त्यांनी चिपळूण प्रांतातील दळवटण्याच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना पाठविलेल्या पत्रावरून दिसते. आपल्याकडे हे पत्र पुष्कळदा वाचले जाते ते रयतेच्या गवताच्या काडीला हात लावू नये म्हणून. ते योग्यच आहे. पण पत्राचा आरंभ पागेच्या कोठारातून होतो. दाणा, गवत आज मन मानेल तसे उधळाल तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल, असे महाराज बजावतात. मग उपाशी शिपाई रयतेच्या घरात शिरणार, आणि रयत म्हणणार की यांच्यापेक्षा मोगल बरे! पुढे तर ते अगदी घरच्या कर्त्या माणसासारखे बोलतात. गवताजवळ चुली पेटवू नका, तंबाखू ओढताना निखारा पडेल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गंजीला आग लागेल. राज्य उभे करणारा पुरुष उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतो, हे मला कोणत्याही लढाईच्या वर्णनापेक्षा अधिक बोलके वाटते. गवत जळाले म्हणजे घोडा गेला आणि घोडा गेला म्हणजे फौज गेली, हे सूत्र त्यांना नेमके ठाऊक होते.

सारांश, घोडा जगवण्याच्या दोन वाटा: साठा तरी हवा, नाही तर चाल तरी हवी. या दोन्ही वाटा एकाच वेळी बंद झाल्या त्या पानिपतच्या मैदानात.

पण घोड्यांचे हाल तिथे सुरू झाले नव्हते. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरची लढाई झाली आणि मार्चमध्ये भाऊसाहेब पटदुराहून उत्तरेकडे निघाले. म्हणजे जी घोडी निजामावर धावली तीच भर उन्हाळ्यात नर्मदा, चंबळ ओलांडून चालत राहिली. नेहमीप्रमाणे पावसाळ्यात घरच्या कुरणात चार महिने उभे राहून हाडे भरून काढण्याची संधी त्या वर्षी मिळाली नाही. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली, पण दिल्लीत खजिना नव्हता आणि भोवतालचा मुलूख वर्षानुवर्षे लुटला गेलेला. दिवाण-ई-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडण्यात आली, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. तिच्यावरून भाऊसाहेबांना कोणी उद्दाम म्हणतात, कोणी व्यवहारी. मला त्या छतात दाण्याची टंचाई दिसते. फौजेच्या खर्चात माणसाच्या पगाराइतकाच घोड्याच्या पोटाचा खर्च असतो, आणि तो उधारीवर फार दिवस चालत नाही.

ऑक्टोबरात फौज दिल्ली सोडून उत्तरेकडे गेली आणि १७ तारखेला कुंजपुरा पडला. तेथे रोकड मिळाली, घोडे मिळाले, आणि अब्दालीसाठी जमविलेला धान्याचा मोठा साठा मिळाला. दसरा त्याच मुलखात आनंदाने झाला. त्या हिवाळ्यात आपल्या घोड्यांनी तोबरा भरून खाल्ला असेल तर तो याच काही दिवसांत. इतक्यात अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली. भाऊसाहेब मागे फिरले, आणि नोव्हेंबरच्या आरंभी दोन्ही फौजा पानिपतजवळ समोरासमोर येऊन थांबल्या. खंदक खणला गेला, मोर्चे बांधले गेले, इब्राहिमखानाच्या तोफा मांडल्या गेल्या. फौजेबरोबर बायकामुले, यात्रेकरू, बाजारबुणगे. एवढा पसारा घेऊन रोज वीस कोस कापणे शक्य नव्हते. गनिमी काव्याने वाढलेली फौज तोफांच्या आणि कबिल्याच्या मेखेला बांधली गेली. तोफांवर भिस्त ठेवण्याचा भाऊसाहेबांचा विचार चूक होता असे मी म्हणत नाही. उदगिरास त्याच विचाराने जय दिला होता. पण तोफेजवळ उभ्या राहणाऱ्या घोड्याला वैरण कोठून येणार, याचा बंदोबस्त त्या विचाराबरोबर झाला नव्हता.

थोडा हिशेब करू. काशिराज पंडित हा शुजाउद्दौल्याच्या पदरचा माणूस, अब्दालीच्या बाजूच्या छावणीतून त्याने सर्व पाहिले. तो मराठ्यांची स्वारांची संख्या ५५ हजार देतो. आकडा थोडा कमीजास्त असेल, पण आपल्या कामाला चालेल. घोड्यामागे ७ किलो धरले तर रोजची गरज ३ लाख ८५ हजार किलो. वंजाऱ्याच्या बैलावर सुमारे १०० किलो माल लादला तर रोज पावणेचार हजारांहून अधिक बैल छावणीत आले पाहिजेत. गवत हलके आणि फुगीर, म्हणून खरे बैल याहूनही जास्त लागणार. यात तोफा ओढणारे बैल, हत्ती, उंट, सामानाची तट्टे धरलेली नाहीत. माणसे तर नाहीतच. नोव्हेंबरच्या १ तारखेपासून १४ जानेवारीपर्यंत दिवस होतात ७५. म्हणजे एकट्या स्वारीच्या घोड्यांना जवळजवळ २९ हजार टन चारा-दाणा हवा होता. भोवतालच्या गावांतला खरिपाचा कडबा एवढ्या तोंडांपुढे किती दिवस टिकणार! गव्हाची शेते हिरवी होती, पण रब्बीचे पीक हाती येणार ते चैत्र-वैशाखात.

प्रारंभी रसद येत होती. पतियाळ्याचा आलासिंग जाट धान्य पाठवीत असे, दिल्लीहून नारो शंकर धडपडत होते. शिवाय गोविंदपंत बुंदेल्यांनी दुआबात शिरून अब्दालीचीच रसद तोडावी, असा डाव होता, आणि काही दिवस तो साधलाही. अफगाण छावणीत महागाई झाली. एक वेळ अशी होती की दोन्ही छावण्यांतील घोडी उपाशी होती आणि कोणाची आधी बसतात एवढाच प्रश्न होता. डिसेंबरच्या उत्तरार्धात अताईखानाच्या स्वारांनी गोविंदपंतांना गाठून ठार केले आणि पारडे फिरले. दुआबातले धान्य नजीबखानाच्या मुलखातून अब्दालीकडे मोकळेपणी येऊ लागले. मराठ्यांच्या वाटा मात्र त्याच्या गस्तीच्या स्वारांनी एकेक करून बंद केल्या.

मग आली कहीवाल्यांची पाळी. ‘कही’ हा शब्द आज आपल्या बोलण्यातून गेला आहे. छावणीबाहेर जाऊन गवत, लाकूडफाटा कापून आणणारी टोळी म्हणजे कही. ही माणसे शिपाई नव्हेत. विळा, कोयता, दोरी एवढीच त्यांची शस्त्रे. दिवसा बाहेर पडणे अशक्य झाले तेव्हा ती रात्री जाऊ लागली. एका रात्री अशी मोठी जमात रानात शिरली असता शाह पसंदखानाच्या पाच हजार स्वारांशी गाठ पडली आणि वेढून सर्वांची कत्तल झाली. काशिराज मेलेल्यांची संख्या २० हजार सांगतो. ती फुगवलेली असू शकेल. पण दुसऱ्या दिवसापासून गवत आणायला कोण जाणार, हा प्रश्न संख्या निम्मी धरली तरी तसाच राहतो. पानिपतच्या वीरांच्या याद्या आपण पाठ करतो. घोड्यासाठी विळा घेऊन गेलेल्या या माणसांचे एकही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही.

घोडा खंगला म्हणजे काय होते, हे शिलेदाराच्या बाजूने पाहिले पाहिजे. बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे. घोडा मेला तर नुकसान सरकारचे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. तो त्याचे वतन, त्याची भाकरी, त्याची फौजेतली पत. गावाकडे कर्ज काढून घेतलेला घोडा डोळ्यांदेखत खंगताना पाहणे आणि त्याच्याच पाठीवर बसून गिलच्यांच्या ताज्या घोड्यांवर धावून जाणे, या दोन गोष्टी एका माणसाकडून अपेक्षिल्या गेल्या. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माणसांचेही उपास सुरू झाले होते. सरदार आणि शिपाई भाऊसाहेबांकडे गेले ते उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू द्या, एवढेच मागायला. १४ जानेवारीला पहाटे फौज खंदकाबाहेर पडली तेव्हा तिला दिल्लीकडे वाट काढायची होती. दुपारपर्यंत गारद्यांच्या मारापुढे आणि हुजुरातीच्या धडकेपुढे रोहिले आणि दुराणी मागे हटले, हे शत्रूचा लेखकच सांगतो. हटलेल्यांचा पाठलाग करायला, पुन्हा जमून पुन्हा धाव घ्यायला जो दम लागतो, तो अडीच महिन्यांच्या उपासानंतर त्या घोड्यांत कोठून असणार? अब्दालीने राखून ठेवलेले स्वार दुपारी पुढे आले, ते पोटभर खाल्लेल्या घोड्यांवर. विश्वासरावांना गोळी लागणे, होळकरांचे निघून जाणे, ही कारणे मी नाकारीत नाही. ती सर्व कारणे एका दमलेल्या घोड्यावर बसून आली, एवढेच माझे म्हणणे.

त्या दिवसाची एक हकीकत माल्कम साहेबाने १८२३ साली छापलेल्या माळव्याच्या इतिहासात आली आहे. तरुण महादजी शिंदे मैदानातून निघाले ते एका नामांकित दख्खनी घोडीवर. मागे एकच अफगाण स्वार लागला, थोराड, जडजूड घोड्यावर. महादजी घोडी पुढे काढीत, ती दिसेनाशी अंतरावर नेऊन तिला क्षणभर विसावा देत, की मागून पुन्हा तो घोडा त्याच संथ चालीने येताना दिसे. असे कोसच्या कोस चालले. घोडी जातिवंत होती, चपळ होती. पण तिच्या अंगात काही उरले नव्हते. अखेर एका चरात ती कोसळली. अफगाणाने गाठून महादजींच्या पायावर घाव घातला, अंगावरचे लुटले आणि तो घोडी घेऊन गेला. पुढे कित्येक वर्षे तो स्वार आणि त्याचा घोडा आपल्या स्वप्नात येत असे, असे महादजी सांगत. त्यांना तेथून उचलले ते राणेखान नावाच्या भिश्त्याने, आणि दक्षिणेच्या वाटेला लावले ते आपल्या पखालीच्या बैलावर घालून.