पिंजऱ्यांतील उंदीर आणि त्याचीं खेळणीं

उंदरालाही करमणूक लागते, असें विधान इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत कोणी केलें असतें, तर लोकांनीं त्या गृहस्थाची रवानगी वेड्यांच्या इस्पितळांत केली असती. त्याच महिन्यांत, त्याच भागांत डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांना ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, आढळला. धान्याच्या वखारींतून मेलेले उंदीर निघत होते. थोड्याच दिवसांत माणसें मरूं लागलीं आणि ज्यांना गांव होतें तीं गांवाकडे धांवलीं. पुढच्या वर्षीं जून महिन्यांत पुण्यास रँडचा वध झाला, त्याच्या मुळाशींही हा प्लेग आणि त्याच्या बंदोबस्ताच्या नांवाखालीं झालेला जुलूम होता. 'घरांत उंदीर पडला' हे तीन शब्द त्यानंतर कित्येक वर्षें महाराष्ट्रांत मृत्यूच्या निरोपासारखे ऐकले जात. उंदीर पडला कीं घर सोडावयाचें आणि गांवाबाहेर झोपड्यांत राहावयास जावयाचें, असा परिपाठच पडून गेला होता.

त्या मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या अलीकडच्या तीरावर, मीरा-भाईंदर हें शहर आहे. पूर्वीं तेथें भातशेती आणि मिठागरें. १९८५ सालीं नगरपरिषद झाली, २००२ सालीं महानगरपालिका, आणि २०११ च्या शिरगणतींत वस्ती आठ लाखांवर गेली. एवढीं माणसें राहतात तीं बहुतेक मजल्यांवर मजले चढविलेल्या इमारतींत. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत कुत्रा पाळणें जड जातें, गाय तर स्वप्नांतही नको. तेव्हां ज्यांना प्राण्यांचा लळा आहे तीं कुटुंबें पिंजऱ्यांत मावेल असा जीव शोधतात, आणि त्यांपैकीं कांहीं जण अखेर पांढऱ्या किंवा काळ्या-पांढऱ्या उंदरापाशीं येऊन थांबतात. मग त्याच्यासाठीं जुन्या लुगड्याचा झोपाळा शिवला जातो, करवंटीचें घर होतें. मांडवीच्या वखारीपासून या झोपाळ्यापर्यंत सव्वाशें वर्षांचें अंतर आहे आणि तें सरळ रेषेनें कापलें गेलेलें नाहीं.

आधीं शब्दाचा घोळ मिटविला पाहिजे. मराठींत 'उंदीर' म्हटलें कीं त्यांत दोन निरनिराळे प्राणी येतात. एक बोटभर लांबीचा, घरांतल्या फडताळांत कागद कुरतडणारा. दुसरा वीतभर लांबीचा, कौलांवरून किंवा गटारांतून हिंडणारा. घूस आणखी वेगळी, आणि चिचुंद्री तर उंदराच्या कुळांतलीच नव्हे. ज्याच्या खेळण्यांची ही कथा आहे तो दुसऱ्या, म्हणजे वीतभर उंदराचा पाळीव वंशज होय. बालबोध घरांत मात्र हा भेद कोणी करीत नाहीं. तेथें तो सरसकट उंदीरमामा असतो, आणि भाद्रपदांत गणपतीच्या पायांशीं शाडूचा होऊन बसतो. ज्या प्राण्याच्या नांवानें घर सोडून पळावयाचें, त्यालाच मामा म्हणावयाचें, हें आमच्या लोकांना कधीं विसंगत वाटलेलें दिसत नाहीं.

रानांतला उंदीर रिकामा कधींच नसतो. ठाणें जिल्ह्यांतल्या भातखाचरांच्या बांधांत घुशीचें बीळ खणून पाहिलें, तर त्यांत निजण्याची जागा वेगळी, पळून जाण्याची वाट वेगळी आणि लोंब्या सांठविण्याचें कोठार वेगळें आढळतें. कातकऱ्यांना ही गोष्ट पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. बांध उकरून ते उंदीरही काढतात आणि त्याचें धान्यही. खणणें, कुरतडणें, ओढून नेणें, लपविणें आणि भिंतीला मिशा लावून अंधारांत वाट शोधणें, हा या प्राण्याचा रोजचा संसार. त्याच्या दांतांचें मूळ बंद होत नाहीं. पुढचे दांत आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतच राहतात, आणि ते झिजविण्याला त्याला कांहीं तरी कठीण लागतेंच. हा संसार काढून घेऊन त्याला नुसता दाणा, पाणी आणि चार भिंती दिल्या म्हणजे काय उरतें, हा प्रश्न माणसानें फार उशिरां विचारला.

उंदीर पाळण्याचा षोक मात्र जुना. जपानांत १७७५ सालीं उंदरांच्या जोपासनेवर एक पुस्तिका निघाली आणि १७८७ सालीं दुसरी. त्या काळीं तेथील शहरांतले हौशी लोक निरनिराळ्या रंगांचे उंदीर पैदा करीत. युरोपांत या षोकाचा उगम कमी सुसंस्कृत आहे. लंडनला बंदिस्त रिंगणांत उंदीर सोडून ते कुत्र्याकडून मारविण्याचा खेळ चाले व त्यावर पैजा लागत. या धंद्याला लागणारे उंदीर पकडणाऱ्यांत जॅक ब्लॅक नांवाचा एक वस्ताद होता. आपण राणी व्हिक्टोरियाचे उंदीरमारे आहों असें तो सांगे. हेन्री मेह्यू या पत्रकारानें त्याची हकीकत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यांत लिहून ठेवली. ब्लॅक चित्रविचित्र रंगांचे उंदीर वेगळे काढून वाढवी आणि खारीच्या पिंजऱ्यांत ठेवण्यासाठीं ते तरुण स्त्रियांना विकी. खारीच्या पिंजऱ्याला त्या काळीं फिरतें चाक असे. पाळीव उंदराचें पहिलें खेळणें म्हणून कांहीं दाखवावयाचें झालें, तर तें बहुधा हेंच चाक, आणि तेंही खारीकडून उसनें घेतलेलें. १९०१ सालीं एल्सबरी येथील प्रदर्शनांत मेरी डग्लस या बाईंच्या काळ्या-पांढऱ्या उंदरानें बक्षीस मिळविलें आणि हा षोक प्रतिष्ठित झाला.

त्याच सुमारास हिंदुस्थानांतल्या उंदराच्या नशिबीं निराळा पिंजरा आला. हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरांत मुंबईस आले, १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं आपली लस प्रथम स्वतःला टोंचून घेतली, आणि १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसांत गेली. मुंबईस प्लेगवर काम करून कराचीला गेलेल्या पॉल-लुई सीमों या फ्रेंच डॉक्टरानें २ जून १८९८ रोजीं एक साधी युक्ति केली. कांचेच्या बरणींत प्लेगचा उंदीर ठेवला व त्याच्या वर, त्याला स्पर्श होणार नाहीं अशा बेतानें, निरोगी उंदराचा जाळीचा पिंजरा टांगला. निरोगी उंदीर मेला. मधलें अंतर पिसवांनीं तोडलें होतें. पुष्कळांनीं सीमोंवर विश्वास ठेविला नाहीं. १९०५ पासून प्लेग कमिशननें परळला मुद्दाम खोल्या बांधून हेच प्रयोग पुनः पुनः केले, मुंबईंतले लाखावर उंदीर एका वर्षांत तपासले, तेव्हां वाद मिटला. या सर्व खटाटोपांत उंदराच्या पिंजऱ्याविषयीं विचार झाला तो एवढाच, कीं त्यांतून उंदीर निसटतां कामा नये आणि पीस चुकतां कामा नये. त्या वर्षांचें मुंबईंतलें मरण पाहतां, याहून अधिक विचाराची अपेक्षा करणें अन्यायाचें होईल.

दुसरी गोष्ट नीलगिरींतल्या कुन्नूरची. तेथें रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनीं १९२० नंतरच्या दशकांत उंदरांचे गट पाडून प्रत्येक गटाला हिंदुस्थानांतल्या एकेका प्रांताचें जेवण घातलें. शिखांच्या जेवणावरचे उंदीर पहिले आले, पठाणांच्या दुसरे आणि मराठ्यांच्या तिसरे. निव्वळ भातावर भिस्त असलेले मद्रासी जेवणाचे उंदीर शेवटीं राहिले. मराठी वाचकाला या तिसऱ्या क्रमांकाचें थोडें समाधान वाटल्यास त्याला कोणी नांवें ठेवूं नयेत. पण अधिक लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. एका गटाला पांढरा पाव, कृत्रिम लोणी, गोड चहा आणि डब्यांतलें मांस असें विलायतच्या गरीब वस्तींतलें जेवण दिलें, तेव्हां ते उंदीर खुजे तर राहिलेच, पण चिडखोर झाले, चाकरांना चावूं लागले आणि अखेर आपसांत एकमेकांना मारून खाऊं लागले. उंदराची वागणूक ही त्याच्या जातीचा दुर्गुण नसून त्याला मिळालेल्या राहणीचा परिणाम असूं शकते, हें येथें डोळ्यांपुढें आलें. राहणीचा अर्थ तेथें अन्न एवढाच होता.

खेळण्याचा शोध लागला तो अमेरिकेंत, आणि खेळणें म्हणून नव्हे. वूस्टर येथील क्लार्क विश्वविद्यालयांत १८९८ सालीं स्ट्यूअर्टनें उंदीर किती धांवतो हें मोजण्यासाठीं फिरतें चाक लावलें. त्याच विश्वविद्यालयांत लिनस क्लाइन याला आपल्या वडिलांच्या शेतावर, जुन्या खोपटाच्या ओसरीखालीं उंदरांनीं केलेल्या वेड्यावांकड्या वाटा आठवल्या. त्यावरून भुलभुलैयाची कल्पना निघाली, आणि विलर्ड स्मॉल यानें इंग्लंडांतील हॅम्प्टन कोर्टच्या बागेंतल्या भुलभुलैयाचा आराखडा घेऊन लाकूड व जाळी यांचा छोटा चक्रव्यूह बनविला. १९०१ सालीं त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या यंत्रावर पुढें पन्नास वर्षें मानसशास्त्र पोसलें गेलें, तें मुळांत उंदराच्या बिळाची नक्कल होतें. प्रयोग संपला कीं उंदीर पुनः रिकाम्या पिंजऱ्यांत जाई.

तो रिकामा पिंजराच खोटें उत्तर देतो, हें १९४७ सालीं कॅनडांतल्या डोनाल्ड हेब यांनीं दाखविलें. त्यांनीं प्रयोगशाळेंतले कांहीं उंदीर सरळ आपल्या घरीं नेले. मुलींनीं ते पाळले, ते घरभर हिंडले, आणि परत आणून परीक्षा घेतली तेव्हां पिंजऱ्यांत वाढलेल्या भावंडांपेक्षां ते कोडीं अधिक चांगलीं सोडवूं लागले. घरांतल्या मुलींनीं केलेल्या या संगोपनाची किंमत शास्त्रानें ओळखावयास आणखी कांहीं वर्षें गेलीं. १९६० नंतर बर्कले येथें रोझेन्झ्वाइग, बेनेट, क्रेच आणि मेरियन डायमंड यांनीं कांहीं उंदीर शिड्या, चाकें, खोकीं असलेल्या मोठ्या पिंजऱ्यांत समूहानें ठेविले आणि खेळणीं रोज बदललीं; दुसरे एकेकटे रिकाम्या पिंजऱ्यांत ठेविले. पुढें मेंदू तोलले व मोजले, तर पहिल्यांचें बाह्यपटल वजनानें जड व जाडीनें अधिक भरलें. खेळण्यानें मेंदू बदलतो, ही गोष्ट तोंवर बहुतेक विद्वानांना थट्टेची वाटत होती.

भारतांत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या आग्रहानें १९६० सालीं प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. प्रयोगांतल्या प्राण्यांवर देखरेख करणारी समिति त्याच कायद्यांतून निघाली. घरच्या पिंजऱ्याकडे पाहण्यास मात्र समिति येत नाहीं. तें काम गृहिणीचें आणि मुलांचें.

त्याला खर्च फारसा नाहीं, डोकें मात्र लागतें. अर्धी करवंटी उपडी घालून कडेला दार कोरलें कीं घर होतें. जाड बांबूची नळी, कागदी पुठ्ठ्याची गुंडाळी किंवा मातीचा लहानसा कुंडा हें बीळ. एका खोक्यांत कोरडी स्वच्छ माती भरून ठेवली, तर शहरी उंदीरही बांधावरच्या घुशीसारखा खणूं लागतो. चुरमुरे वाटींत घालण्याऐवजीं कागदाच्या पुरचुंड्यांत बांधून चार ठिकाणीं लपवावे. परातींत दोन बोटें पाणी घालून त्यांत मटाराचे दाणे सोडले, तर तो हात घालून ते वेंचतो. झोपाळ्याचें कापड सुती आणि घट्ट विणीचें असावें. विरलेल्या लुगड्याचे धागे बोटांना गुंडाळून पाय सुजल्याचे प्रकार होतात. चाकाचा तळ सलग हवा, कारण तारांच्या चाकांत शेपूट अडकतें. रंगरोगण लावलेलें लाकूड देऊं नये. पिंजऱ्याजवळ डांबरगोळ्या ठेवूं नयेत. उंदराला वांती करतां येत नाहीं, म्हणून पोटांत गेलेलें विष पोटांतच राहतें. त्याला घामही येत नाहीं. अंगांतली ऊब तो मुख्यतः शेपटीवाटे टाकतो, आणि कोंकणांतला वैशाख त्याला असह्य होतो. फुटक्या माठाचें खापर भिजवून ठेवलें तर तो त्यावर अंग टाकून पडतो. बर्कलेच्या प्रयोगावरून खेळणीं बदलावीं हें खरें, पण उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून एका वेळीं एकच वस्तु बदलावी, आणि त्याच्या निजण्याच्या चिंध्यांना सहसा हात लावूं नये. सर्वांत मोठें खेळणें म्हणजे दुसरा उंदीर. एकटा ठेवलेला उंदीर झुरतो. दोन माद्या किंवा दोन नर एकत्र ठेवावे, नाहीं तर घराचें वखारींत रूपांतर होण्यास दोन-तीन महिने पुरतात.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. हें सर्व पिंजऱ्यांत जन्मलेल्या, माणसाळलेल्या वंशाविषयीं आहे. गटारांतला किंवा माळ्यावरचा उंदीर धरून मुलांच्या हातीं देऊं नये. किल्लारीच्या भूकंपानंतर पुढच्याच वर्षीं, १९९४ सालीं, बीड जिल्ह्यांतल्या मामला गांवीं पुनः ग्रंथिक प्लेग दिसला, आणि २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिसनें माणसें मेलीं. मांडवीची भीति निराधार नव्हती, आणि आजही नाहीं.

अलीकडचे प्रयोग तर गंमतीचेच आहेत. गेल्या शतकाच्या अखेरीस याक पांक्सेप यांना आढळलें, कीं गुदगुल्या केल्या असतां उंदीर आपल्या कानांना ऐकूं न येणाऱ्या उंच स्वरांत चिवचिवतो आणि गुदगुल्या करणाऱ्या हाताच्या मागें लागतो. २०१९ सालीं बर्लिनमध्यें उंदीर माणसाबरोबर लपंडाव शिकले. बक्षीस म्हणून खाऊ नव्हे, गुदगुल्याच मिळत, आणि राज्य कोणावर आहे हेंही त्यांना कळे. त्याच वर्षीं अमेरिकेंत रिचमंड येथें केली लॅम्बर्ट यांनीं खाण्याच्या प्लास्टिकच्या डब्याला चाकें लावून मोटार केली व उंदरांना ती हांकावयास शिकविलें; खेळण्यांत वाढलेले उंदीर ती रिकाम्या पिंजऱ्यांतल्या उंदरांपेक्षां चांगली हांकीत.

चाकाविषयींचा जुना वाद मात्र बरेच दिवस रेंगाळला होता. तासन् तास चाक फिरविणारा उंदीर खेळतो, कीं बंदिवासानें त्याला वेड लागलेलें असतें? हॉलंडांत लायडेन येथील संशोधकांनीं यावर सोपा उपाय केला. त्यांनीं एक चाक शहराच्या कडेच्या झाडींत आणि दुसरें वाळूच्या टेंकड्यांत उघड्यावर ठेवून दिलें आणि त्यावर छायाचित्रण-यंत्र रोखलें. २०१४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रानांतले लहान उंदीर आपण होऊन येत, चढत, धांवत आणि उतरून निघून जात. जवळ ठेवलेलें खाद्य काढून घेतल्यावरही ते येतच राहिले. त्याच चाकावर चिचुंद्र्या, बेडूक आणि बिनशंखाच्या गोगलगाईही चढल्याची नोंद आहे.