कल्पनेची कात्री

‘कल्पक’ म्हटले की आज नवनवे सुचणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. संस्कृत कोशांत मात्र ‘कल्पक’ म्हणजे न्हावी आणि ‘कल्पनी’ म्हणजे कात्री, असेही अर्थ सापडतात. पालीत ‘कप्पक’ तर न्हावीच. बुद्धाचा शिष्य उपाली दीक्षेपूर्वी कप्पक होता.

या शब्दांचा धातू ‘कॢप्’. संस्कृतातला ऌ स्वर टिकला तो यातच. जुळणे, योग्य होणे, रचणे हा मूळ भाव असावा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात विधाता सूर्यचंद्र रचतो, ते याच क्रियापदाने. आपली ‘क्लृप्ती’ही इथलीच. मग यात कात्री कशी शिरली? मराठीतला ‘बेत’ पाहावा. बेत मनात ठरतो, कापड मात्र कात्रीने बेततात. हिंदी ‘ब्योंत’मध्येही बेतणी आणि युक्ती एकत्र नांदतात. रचायचे तर काही कापून टाकावे लागते, हे दोन्ही शब्दकुळांना उमगलेले दिसते.

उपसर्ग लागले की कात्री दिशा बदलते. ‘सम्’ने संकल्प होतो, कापलेले जुळून येते. ‘वि’ने विकल्प होतो, एकाला फाटे फुटतात. ‘वैकल्पिक विषय’ म्हणताना आपण निवडीविषयी बोलतो. ‘मनात विकल्प आला’ म्हणताना शंकेविषयी. फाटे दिसले की पाऊल अडखळते, म्हणून निवडीच्या शब्दाला शंकेचा अर्थ चिकटला असावा. अरबी ‘वह्म’चा प्रवासही असाच. तत्त्वज्ञ इब्न सीनाच्या मते लांडग्याचे वैर मेंढीला जाणवते ते या ‘वह्म’ शक्तीने. फारसीमार्गे मराठीत आल्यावर तिचा ‘वहीम’ झाला, म्हणजे निव्वळ संशय! मनाच्या शक्तींतला तिचाच शेजारी ‘खयाल’ मात्र आपल्याकडे ‘ख्याल’ होऊन मैफलीत रंगला.

एक फाटा निवडला की सोडलेल्या फाट्याची उरते ती रुखरुख. तिची भाषा ‘जर-तर’ची. ही जोडी ‘यर्हि-तर्हि’वरून आलेली दिसते, मूळ अर्थ ‘जेव्हा-तेव्हा’. काळाचे शब्द शक्यतेचे झाले. ‘गेलो असतो तर’ यातला ‘असतो’ही मुळात वर्तमानकालवाचक कृदंतावरूनच घडला आहे. न घडलेला भूतकाळ आपण वर्तमानाच्या रूपात बोलतो. पश्चात्तापातला ‘ताप’ म्हणूनच निवत नसावा.

योग्याला निर्विकल्प समाधी साधते. कवीला, सुताराला, वैज्ञानिकाला ती कामाच्या वेळी परवडणारी नाही. जो फाटे पाहू शकतो त्यालाच नवे सुचते. त्यालाच वहीम येतो आणि सोडलेल्या फाट्याची रुखरुखही त्यालाच लागते. एकाच शक्तीची ही रूपे आहेत. त्यातले एक ठेवून बाकीची टाकता येतील, असे मला वाटत नाही.