गोळ्यांच्या पट्टीवरची लाल रेघ

मेडिकलवाल्याने दहा गोळ्यांची पट्टी काढावी आणि कात्रीने कचकन तीनच कापून द्याव्यात, यात कुणाला नवल वाटत नाही. त्या तुकड्यावर औषधाचं नाव अर्धवट येतं आणि मुदतीची तारीख बहुधा दुकानातच राहते. डाव्या कडेची उभी लाल रेघ मात्र बरोबर येते. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलेली असते. पट्टी आडवी कुठेही कापा, रेघेचा तुकडा हातात पडतोच.

या रेघेची पणजी शोधायला कंपाउंडरच्या टेबलाशी जावं लागतं. मिक्श्चरच्या बाटलीवर तो कागदाची एक कातरलेली पट्टी चिकटवायचा. कागदाची घडी घालून दोन-चार कात्र्या मारल्या की उलगडल्यावर करवतीसारखे दाते दिसत. एक दाता म्हणजे एक डोस. बाटली हलवायची, पुढच्या खुणेपर्यंत प्यायची, वाचता येवो न येवो. किती घ्यायचं ते कागद सांगे. आत काय आहे, ते डॉक्टर आणि कंपाउंडर या दोघांनाच ठाऊक.

पुढे तयार औषधं आली आणि आत काय आहे हे दुकानदारालाही सांगता येईना. हिवतापाने हैराण झालेल्या देशात क्विनाइनमध्येच भेसळ होत होती. ओरड वाढली, तेव्हा सरकारने १९३० मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १९३१ च्या अहवालात समितीने दोन गोष्टी मागितल्या: औषधांसाठी देशभर एकच कायदा आणि ती विकणाऱ्याला रीतसर शिक्षण. पहिली मागणी १९४० च्या औषध कायद्यात उतरली, दुसरी १९४८ च्या फार्मसी कायद्यात. घाई कुणालाच नव्हती.

कायद्याखालचे नियम १९४५ मध्ये आले आणि त्यांना अक्षरांची परिशिष्टं जोडली गेली. त्यांतलं ‘शेड्यूल एच’ आज दुकानदारांच्या रोजच्या बोलण्यात आहे. या यादीतलं औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. लेबलवर तसा इशारा छापायचा, सोबत ‘आर’च्या पायावर काट मारलेली ती खूण. ती खूण लॅटिन ‘रेसिपे’ची, म्हणजे ‘घे’; रुग्णासाठी अमुक घेऊन तमुक बनव, हा वैद्याने औषध करणाऱ्याला दिलेला हुकूम. म्हणजे खूण असो वा इशारा, सगळं संभाषण चिठ्ठी लिहिणारा आणि औषध देणारा यांच्यातलं. पैसे मोजून गोळी गिळणारा त्यात कुठेच नाही. इशारा इंग्रजीत, अक्षरं तिळाएवढी, तीही चकाकत्या फॉइलवर.

व्हायचं तेच झालं. ‘मागच्या वेळी दिल्या होत्या त्याच द्या’ ही चिठ्ठी बनली. अँटिबायोटिक्सही अशीच गिळली जात होती आणि जंतू त्यांना सरावत होते.

२०१० मध्ये ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात एनडीएम-१ या विकराविषयीचा लेख आला. नावातच नवी दिल्ली! हा विकर ज्या जंतूंत असतो, त्यांच्यावर अगदी राखीव अँटिबायोटिक्सही निकामी ठरतात. इकडे आधी संताप झाला तो नावावरून. पण २०१३ मध्ये ‘एच-१’ ही नवी यादी निघाली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाली. सुरुवातीला तीत ४६ औषधं होती: वरच्या पिढीतली अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं आणि अल्प्राझोलामसारखी सवय लावणारी. यांच्यासाठी दुकानात वेगळी वही आली. डॉक्टर कोण, रुग्ण कोण, कोणतं औषध, किती दिलं, हे त्यात लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. लेबलवरची खूणही लाल झाली.

वहीसुद्धा दुकानदाराचीच. गिऱ्हाइकाला उद्देशून सरकार बोललं ते २०१६ मध्ये. आरोग्य मंत्रालयाच्या मोहिमेने पाकिटावरची लाल रेघ दाखवून सांगितलं, की ही दिसली तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. २०१८ च्या नियमदुरुस्तीने इशाऱ्याची चौकट आणि डाव्या कडेचा लाल उभा पट्टा यांची जोडी बांधली. कंपाउंडरच्या दात्यांनंतर इतक्या वर्षांनी पुन्हा एकदा अक्षरओळख नसलेल्यालाही वाचता येईल अशी खूण औषधावर आली.

एक घोटाळा राहिलाच. मोहीम अँटिबायोटिक्सची, त्यामुळे लाल रेघ म्हणजे अँटिबायोटिक असा समज झाला. प्रत्यक्षात रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्यांवरही ती असते, कारण ती चिठ्ठीची खूण आहे. वर्षानुवर्षं रोज सकाळी लाल रेघेची गोळी घेणाऱ्या आजोबांना तिची भीती कशी वाटणार? त्यात काही पट्ट्या मुळातच इतक्या रंगीत, की रेघ नक्षीत हरवते.

केरळने २०२४ मध्ये अँटिबायोटिक्स निळ्या पाकिटात द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे कापलेल्या तीन गोळ्या अजून साध्या कागदी पाकिटात पडतात, रेघ आत जाते आणि वर बॉलपेनने लिहिलं जातं: १–०–१.